बारापर्यंत मोजणारी सुईण



‘सहवेदना आणि नेतृत्व’ हा विषय हाती आला तेव्हा मी जरा धास्तावलो. या विषयावर बोलणारा पाच मिनिटांत कीर्तनकार होतो. म्हणून आज एका साध्या साधनाबद्दल बोलतो. मण्यांच्या दोन ओळी आणि एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ, एवढंच ते साधन.

तान्ह्या बाळाला न्यूमोनिया झाला की श्वास भराभर चालतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला 60 च्या घरात गेले, त्याहून मोठ्या बाळाचे 50 च्या, की धोका समजायचा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 पासून गडचिरोलीत काम मांडलं, तेव्हा बाळाच्या उशाशी डॉक्टर नव्हता, सुईण होती. आणि बऱ्याच सुइणींची मोजणी बारापाशी थांबे.

तुम्ही-आम्ही काय केलं असतं? बायांसाठी अंकांचा वर्ग काढला असता, आणि वर्ग संपेपर्यंत पोरं दगावत राहिली असती. बंगांनी सुईण आहे तशी धरली आणि मोजण्याची रीत बदलली. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत ओळीतला शेवटचा, लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. लहान बाळाची ओळ वेगळी, मोठ्याची वेगळी. दहापर्यंत तर तिला येतच होतं!

मला सहवेदना म्हणायची ती याला. डोळ्यांत पाणी येणं चांगलंच, पण त्यानं काम करण्याची पद्धत बदलत नाही. दुसऱ्याची अडचण कळल्यावर पुढारी स्वतःच्या आराखड्यात खाडाखोड करतो का, एवढंच मी बघतो.

दवाखान्याचंही तसंच. आदिवासी मोठ्या इस्पितळाला बिचकत. का, ते त्यांनाच विचारलं. पांढरे कपडे तर आम्ही मढ्याला घालतो, ते म्हणाले; नातलगांना आत राहू देत नाहीत; आणि तिथं आमचा देव कुठं आहे? मग दवाखाना झोपड्यांच्या वस्तीसारखा उभा राहिला, सोबत्यांना राहायला जागा झाली आणि नाव पडलं त्यांच्या देवीचं, माँ दंतेश्वरीचं. कुठल्याही वास्तुविशारदाला हे कागदावर सुचलं नसतं.

पुढचं पाऊल धाडसाचं होतं. 39 गावांत थोडंफार शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत केलं आणि त्यांच्या हाती नवजाताच्या जंतुसंसर्गावरचं इंजेक्शन दिलं. इंजेक्शन म्हणजे डॉक्टरकीचा राजदंड. तो खेडुतणीला दिल्यावर भुवया उंचावणारच. पण 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आला. तिथं हजार जन्मांमागे 62 नवजात बाळं दगावत होती, ती संख्या 25.5 वर आली होती. दया दाखवताना दात्याची सत्ता शाबूत राहते. इथं सत्ताच दुसऱ्याच्या हाती गेली, म्हणून मी हे नेतृत्व मानतो.

जीवनाचं प्रयोजन कुठं सापडतं, असं तरुण मुलं विचारतात. आधी प्रयोजन ठरवून मग गाव शोधणारे मला फारसे टिकलेले दिसले नाहीत. बंग दोघंही अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्य शिकून आले होते, पण संशोधनाचे विषय बरेचसे गडचिरोलीनं पुरवले. राणीताईंनी दोन गावांतल्या बायांना त्यांच्या दुखण्यांबद्दल विचारलं, तपासलं. 92 टक्के बायांना स्त्रीरोग निघाले. 1989 पर्यंत तो विषय जगाच्या आरोग्यधोरणात जवळजवळ नव्हताच.

आता थोडं कडू बोलतो. घरी जाऊन नवजाताची काळजी घेण्याची ही पद्धत केंद्र सरकारनं 2011 मध्ये देशभर आशाताईंकडे सोपवली. बाळ घरी जन्मलं तर 42 दिवसांत सात भेटी, दवाखान्यात जन्मलं तर सहा. पावसाळ्यात ओढा ओलांडून जायचं, बाळाचं वजन करायचं, ताप बघायचा, आईला दूध पाजायला बसवायचं. या सगळ्या भेटींचा मिळून एका बाळामागे मोबदला ठरला 250 रुपये. तिच्या सेवाभावावर भाषणं करणाऱ्यांनी, माझ्यासह, हा दर कुणी आणि कुठं बसून ठरवला तेही विचारावं.