मुलासोबत त्याच्या सवयीही सोपवा



संस्थांमधल्या मावश्या, समुपदेशक, बालकल्याण समित्यांचे सदस्य आणि दत्तक पालक आज एकत्र बसले आहेत. म्हणून एकाच गोष्टीबद्दल बोलतो: मूल नव्या घरी जातं तेव्हाचे पहिले काही आठवडे.

आपल्याकडे मूल घरी येतं आधी, दत्तकाचा आदेश निघतो नंतर. ‘कारा’च्या, म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या पोर्टलवरून सुचवलेलं मूल राखून ठेवायला पालकांना 48 तास मिळतात. पुढे भेट होते, होकार येतो आणि दहा दिवसांत मूल दत्तकपूर्व संगोपनासाठी त्यांच्याकडे जातं. सप्टेंबर 2022पासून आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. सहा वर्षांच्या आतल्या, दत्तकयोग्य मुलाला प्रतिपालक कुटुंबात न ठेवता शक्यतो थेट कायमचं घर द्यावं, ही नियमांची भूमिका मला पूर्ण पटते. मोठ्या मुलांच्या बाबतीत 2024च्या मार्गदर्शक सूचनांनी दोन वर्षं सांभाळ केलेल्या प्रतिपालक कुटुंबाला दत्तकाची वाट मोकळी केली. आधी पाच वर्षं थांबावं लागे. आठ वर्षांच्या मुलाला पाच वर्षं थांबवणं हा अन्यायच होता.

पण लहान मुलाला यातलं काहीच कळत नाही. काल जिच्या कुशीत झोपलो ती मावशी आज नाही, एवढंच त्याला कळतं.

आमच्या कामातली चार वर्षांच्या एका मुलीची गोष्ट सांगतो. नव्या घरी ती रोज रात्री अर्धी पोळी उशीखाली ठेवायची. आईला वाटलं, आपण तिला पोटभर वाढत नाही की काय. आजी म्हणाल्या, ही खोड आत्ताच मोडायला हवी. मुलगी पोटभरच जेवत होती, पण सकाळी मिळेल याची तिला खात्री नव्हती. आमच्या कार्यकर्तीनं सुचवलं, पोळी काढून घेऊ नका. झाकणाचा एक डबा तिच्या उशाशी द्या आणि रोज तिच्यादेखत भरा. बरेच दिवस तो डबा उशाशी होता. मग एका रात्री तिनंच तो नेऊन ओट्यावर ठेवला.

संस्थेतल्या मावशींना ही सवय माहीत होती, कारण तिथेही ती पोळी लपवायची. बाल अध्ययन अहवालात मात्र या सवयीचा उल्लेख नव्हता. मावशींना कुणी विचारलंच नव्हतं! वैद्यकीय तपासणी आपण काटेकोरपणे करतो आणि मूल कुठल्या कुशीवर झोपतं, कशाला घाबरतं, त्याला लाडानं काय म्हणतात, हे मावशींच्या डोक्यातच राहू देतो. ‘एवढ्याशा पोराला मागचं काय आठवणार’ हे पालकांकडून ऐकतो, आपल्यातल्या काहींकडूनही. मला ते साफ चुकीचं वाटतं. ज्याला शब्दांत सांगता येत नाही, त्याची आठवण झोपेत आणि जेवणात दिसते.

मूल दत्तकपूर्व संगोपनासाठी घरी गेल्यापासून पाठपुरावा दर सहा महिन्यांनी, दोन वर्षं करायचा असतो. पोळीसाठी सहा महिने फार उशिराचे. पहिल्या महिन्यात दर आठवड्याला एक फोन करायला कुठलाही नियम आपल्याला अडवत नाही.

तेव्हा माझी विनंती एवढीच आहे. परत गेल्यावर मावशींशेजारी बसा आणि दत्तकासाठी तयार असलेल्या प्रत्येक मुलाबद्दल त्या सांगतील ते त्यांच्याच शब्दांत एका कागदावर उतरवून घ्या. मूल सोपवाल त्या दिवशी तो कागद पालकांच्या हातात द्या, आणि शक्य असेल तिथे तो वाचून दाखवायला मावशींनाच बोलवा.