फवाऱ्यातला रंग आणि घरातली हवा

(पांढरकवडा येथील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



लग्नसराई जवळ आली की आपल्याकडे घरोघरी पुताईचा विषय निघतो. कापसाचे पैसे आलेले असतात, दारात मांडव पडायचा असतो, आणि पाहुण्यांची नजर पहिली जाते ती भिंतीवर. अलीकडे या बोलण्यात एक नवा प्रश्न आला आहे. पेंटर रोलर घेऊन आठवडाभर घरात राहण्यापेक्षा स्प्रे मशीन आणलं तर? हातात धरायचं छोटं मशीन काही हजारांत घरपोच मिळतं, मोबाइलवर त्याची चित्रफीत बघितली की पाच मिनिटांत भिंत रंगलेली दिसते. मग कुठलं मशीन घ्यावं?

उत्तर मी देणार आहे. पण त्याआधी 2017 च्या खरिपाची आठवण काढतो, कारण फवारणी म्हणजे काय हे आपल्या यवतमाळ जिल्ह्याला बाहेरून कुणी येऊन शिकवण्याची गरज नाही. त्या वर्षी कापसाची पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती. पंपाची नळी वर धरूनच फवारावं लागत होतं. बारीक थेंब फेकणारे नवे पॉवर पंप बाजारात आले होते, एका कीटकनाशकात दुसरं औषध मिसळलं जात होतं, आणि उडालेला फवारा फवारणाऱ्याच्याच तोंडावर परत येत होता. जिल्ह्यातले 20 हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेनं गेले. शेकडो जण यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात भरती झाले. सरकारनं विशेष तपास पथक नेमलं. त्या वेळी चर्चा औषधांची झाली आणि ती व्हायलाच हवी होती. थेंबाची चर्चा मात्र फार थोडी झाली.

थेंब मोठा असला की खाली पडतो. बारीक थेंबाचा व्यास निम्मा झाला की त्याचा खाली येण्याचा वेग चौथाईवर येतो. आणखी बारीक झाला की तो पडतच नाही म्हणा, हवेत तरंगत राहतो. जो थेंब तरंगतो तो आपण श्वासाबरोबर आत घेतो, आणि अगदी बारीक असेल तर नाकातले केसही त्याला अडवत नाहीत, तो थेट फुप्फुसात उतरतो. रंगाचा फवारा या नियमाला अपवाद नाही. फरक इतकाच की शेतात वर आभाळ होतं आणि खोलीला चार भिंती असतात. म्हणून रंगाचं मशीन पारखताना मी किंमत आणि वेग यांच्या आधी एक गोष्ट बघतो : हे मशीन थेंब कसा करतं आणि भिंतीला न लागलेला थेंब कुठं जातो.

या यंत्राचं मूळही श्वासापाशीच आहे. अमेरिकेत टोलेडो शहरात डीव्हिलबिस नावाचे एक डॉक्टर होते. रोग्याच्या घशात औषध बोळ्यानं लावण्याऐवजी ते फवारून सोडायचं, यासाठी त्यांनी 1880 च्या दशकात एक उपकरण केलं. रबरी फुगा दाबायचा आणि औषध धुक्यासारखं घशात जायचं. पुढे त्यांच्या मुलानं तेच तत्त्व रंगाला लावलं आणि 1907 च्या सुमारास स्प्रे गन तयार झाली. म्हणजे द्रव पदार्थ माणसाच्या आत खोलवर पोचावा म्हणून जी युक्ती निघाली, तीच आज आपण बैठकीच्या खोलीत वापरायला निघालो आहोत. हे लक्षात असलं की निम्मी काळजी आपोआप घेतली जाते.

डॉक्टर डीव्हिलबिस यांच्याच काळात शिकागोत जोसेफ बिंक्स हा एका मोठ्या दुकानाच्या इमारतीची देखभाल करणारा माणूस तळघराच्या भिंतींना सफेदी मारायला कंटाळला होता. त्यानं 1887 मध्ये हातपंपावर चालणारं सफेदीचं मशीन बनवलं. आणि 1893 साली शिकागोत जे जागतिक प्रदर्शन भरलं, त्यातल्या प्रचंड इमारती वेळेत पांढऱ्या करायच्या म्हणून दाबाच्या हवेनं रंग फवारला गेला. याच प्रदर्शनाच्या निमित्तानं भरलेल्या सर्वधर्म परिषदेत स्वामी विवेकानंद बोलले, म्हणून हे साल आपल्या ओळखीचं आहे. त्या शुभ्र नगरीचा रंग मात्र तेल आणि शिसे-सफेद्याचा होता. शिशाचं ते धुकं फवारणाऱ्या मजुरांच्या छातीत किती गेलं असेल, याचा हिशेब कुणी ठेवला नाही.

आता मशीनकडे येतो. बाजारात नावं पुष्कळ आहेत, पण घराच्या कामाला तीनच तऱ्हा लागू पडतात.

पहिली आपल्या गावात जुनी आहे. हायवेवरच्या डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजात दिसते ती, कॉम्प्रेसर आणि गन. लोखंडी दार, कपाट, सागवानी फर्निचर यांवर तिची सफाई फार सुंदर येते. पण तिचा थेंब सगळ्यांत बारीक आणि उडून जाणारा भागही सगळ्यांत मोठा. खोलीच्या भिंतींसाठी ती आणूच नये.

दुसरी तऱ्हा कमी दाबाची आणि जास्त हवेची. ऑनलाइन मिळणारी हातातली मशीनं बहुतेक याच जातीची असतात किंवा निदान तसं म्हणवून घेतात. या जातीच्या खऱ्या गनमध्ये तोंडाशी हवेचा दाब 10 पीएसआयच्या वर जात नाही आणि निदान 65 टक्के रंग वस्तूवर बसला पाहिजे, अशी अपेक्षा असते. चांगला आकडा आहे, पण उलटा वाचा. 100 मिलिलिटर रंगातला 35 मिलिलिटरपर्यंतचा भाग हवेत जाऊ शकतो. या मशीनचा उपयोग दारं, खिडक्यांच्या चौकटी, खुर्च्या, पलंग, लाकडी जाळ्या इथं आहे. भिंतीचा घट्ट इमल्शन त्यातून जात नाही. मग लोक त्यात पाणी ओतत जातात, रंग पातळ होतो, भिंत झाकली जात नाही, तिसरा हात मारावा लागतो. भांडं लिटरभराचं, दर काही मिनिटांनी भरायचं. 12 बाय 10 ची खोली घ्या, उंची 10 फूट. चार भिंतींचं क्षेत्र 440 चौरस फूट होतं. एवढ्या कामाला हे मशीन म्हणजे मनगटाची शिक्षा आहे.

तिसरी तऱ्हा एअरलेस. यात हवा नसतेच. पंप रंगालाच 2000 ते 3000 पीएसआय इतका दाब देतो, म्हणजे मोटारीच्या चाकातल्या हवेच्या साठ पट आणि त्याहून जास्त. एवढ्या दाबानं रंग बारीक फटीतून बाहेर पडला की आपोआप फुटतो. थेंब तुलनेनं मोठा राहतो, घट्ट इमल्शन जवळजवळ जसाच्या तसा चालतो, आणि बालदीतून सरळ उपसला जातो. नवं बांधकाम, रिकामं घर, शाळा, मंगल कार्यालय, जिनिंगचं गोदाम यांना हे मशीन खरं. त्याच्या टोकाच्या टिपेवर तीन आकडे असतात ते वाचायला शिका. 517 लिहिलं असेल तर पहिल्या 5 ची दुप्पट करायची : 12 इंचांवरून 10 इंच रुंद पट्टा पडेल. उरलेले 17 म्हणजे छिद्र इंचाच्या हजारांशांत, आपल्या मापात 0.43 मिलिमीटर. भिंतीच्या इमल्शनला 517 चालते. दाराच्या ऑइल पेंटला 311 सारखी बारीक हवी, सहा इंची पट्टा आणि 0.28 मिलिमीटरचं छिद्र. टिप झिजली की छिद्र वाढतं, पट्टा आखडतो आणि रंग जास्त जातो. भाड्यानं मशीन आणाल तेव्हा पंपापेक्षा टिप आधी बघा.

एअरलेसबद्दल एक गोष्ट मी जरा जोरानं सांगतो. अडकलेली टिप बोटानं साफ करू नका, चालू असताना तिच्यासमोर हात नेऊ नका. त्या दाबाची धार कातडीतून आत जाते. वर टाचणीएवढं छिद्र दिसतं, दुखतही फारसं नाही, आणि आत रंग बोटाच्या स्नायूबंधांच्या वाटेनं तळव्यापर्यंत गेलेला असतो. असं झालं तर पट्टी बांधून घरी थांबायचं नाही. त्याच घटकेला शस्त्रक्रिया करू शकणाऱ्या दवाखान्यात जायचं आणि दाबाचा रंग आत गेला आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं. काही तासांचा उशीर झाला तर बोट जाऊ शकतं.

गन चालवण्याची रीत शब्दांत थोडी आहे, हातात बसायला वेळ लागतो. मोठ्या पुठ्ठ्यावर सराव करा. गन भिंतीपासून फूटभर अंतरावर, मनगट न वळवता, सबंध हात भिंतीला समांतर न्यायचा. हात आधी हलला पाहिजे, घोडा नंतर दाबायचा, आणि पट्टा संपण्याआधी घोडा सोडून हात पुढं जाऊ द्यायचा. नाहीतर दोन्ही टोकांना ओघळ ठरलेला. दुसरा पट्टा पहिल्याच्या निम्म्यावर चढवायचा. पुठ्ठ्यावर पट्ट्याच्या दोन्ही कडांना जाड रेघा दिसल्या तर दाब कमी आहे. थोडाथोडा वाढवत जा, रेघा मिटल्या की तिथंच थांबा. त्यापुढं वाढवलेला दाब भिंतीला काही देत नाही, फक्त धुकं वाढवतो. आणि नव्या छपाईवर किंवा कोऱ्या पुट्टीवर पहिला हात फवारल्यावर मागोमाग ओला रोलर फिरवायलाच हवा. नुसता फवारा वर बसतो, रोलर रंगाला बारीक भोकांत दाबतो.

आता आपल्या हवेचं. ही यंत्रं ज्या शहरांत जन्मली तिथं मे महिन्याचं 43-44 अंशांचं ऊन नसतं. आपल्याकडे दुपारी बाराला फवारलेला थेंब भिंतीला लागेपर्यंत अर्धा वाळतो. भिंतीवर पसरण्याइतका ओलावा त्यात उरत नाही, आणि हात फिरवला की पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा किंवा त्याहून खरखरीत लागतो. काम उजाडताच सुरू करा, ऊन चढलं की थांबा. पश्चिमेची भिंत सकाळीच उरका. तापलेल्या भिंतीवर हात ठेववत नसेल तर तिच्यावर रंगही ठरत नाही.

यातच कूलरचा प्रश्न येतो. खिडकीतला कूलर चालू ठेवून आत फवारणी करताना मी पाहिलं आहे. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो, त्यानं धुकं ढवळलं जातं आणि बाकीच्या खोल्यांत जातं. पंखा आणि कूलर दोन्ही बंद हवेत. वाळ्याच्या ताट्या काढून ठेवा, कारण त्यांत बसलेला रंग धुऊन निघत नाही आणि पुढं सबंध उन्हाळा तीच हवा नाकाशी येते. हवा बाहेर काढायचा पंखा असेल तर तो मात्र चालवा. फरशी, स्विचबोर्ड, चौकटी, देव्हारा, धान्याच्या कोठ्या, सगळं प्लास्टिक आणि कागदानं झाकायचं आणि कडांना टेप लावायची. या झाकाझाकीतच सकाळ जाते. चित्रफितीतल्या पाच मिनिटांत ती सकाळ दाखवत नाहीत. माणसं राहतात अशा घरातली एकच खोली रंगवायची असेल तर रोलरचं काम आधी संपतं, हे माझं स्पष्ट मत आहे.

काही भिंतींना मशीन लावूच नये. आपल्या केळापूर तालुक्यात कोलाम आणि गोंड वस्त्यांवर कुडाच्या भिंती अजून आहेत. बांबूच्या विणीवर माती आणि शेण, वर पांढऱ्या मातीचा किंवा चुन्याचा हात. ही भिंत ओल घेते आणि सोडते. तिच्यावर ॲक्रिलिक रंग फवारला तर ओल आत कोंडते आणि पावसाळ्यानंतर रंगाबरोबर मातीचा थरही सुटून येतो. घरकुलाच्या विटांच्या भिंतीला जे चालतं ते इथं चालत नाही. या भिंतीला बायकांचा हात आणि पोतारा, यांहून चांगलं साधन अजून निघालेलं नाही.

चुन्यासाठी पुष्कळ जण शेतातला पाठीवरचा पंप वापरतात. कितीही धुतला तरी नळीत, पंपाच्या वायसरांत औषधाचा अंश राहतो, आणि तोच आपण झोपायच्या खोलीत, धान्याच्या जागी फवारतो. चुना स्वतःही डोळ्याला घातक आहे. फवारायचाच तर वेगळा पंप ठेवा, त्यावर ठळक खूण करा, आणि तो परत शेतात जाऊ देऊ नका. डोळ्यांवर बंद चष्मा घाला.

जुनी दारं फवारण्याआधी घासावी लागतात. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत 90 भागांहून जास्त असू नये, हा नियम आपल्या देशात 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. अशा दाराला कोरडा पॉलिश पेपर लावू नका. पाणी मारून घासा, आणि त्या दिवशी लहान मुलं अन् गरोदर बाई घरात नको. छतावरच्या जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं. उन्हापासून सुटका म्हणून त्यांवर पांढरा रंग मारणं चांगलं, पण तेही घासू किंवा खरवडू नका.

शेवटी मास्क. रुमाल बांधून काही होत नाही. एन-95 थेंब अडवतो, म्हणून पाण्याच्या इमल्शनला तो पुरतो. टर्पेंटाइन किंवा थिनरची वाफ त्यातून सरळ जाते. तिथं कोळशाचं काडतूस लावलेला रबरी मास्क हवा, आणि घरातला गॅस बंद, ठिणगी पडेल असं काहीही चालू नाही. सागवानी फर्निचरवरच्या दोन डब्यांच्या पीयू पॉलिशमधल्या रसायनानं कायमचा दमा जडू शकतो. ते काम घरात फवारून करूच नका, वर्कशॉपमध्ये पाठवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं रंगकामाचा व्यवसाय 1989 मध्येच कर्करोगकारक गटात टाकला. आपल्या पेंटरांना हे कुणी सांगितलेलं नसतं.

2017 मध्ये फवारणाऱ्या मजुरानंच काळजी घेतली नाही, असं अनेकांनी म्हटलं. हातमोजे आणि मास्क घेऊन देणं कुणाचं काम होतं, हे विचारणारे थोडे होते. पुताईचा ठेका देताना रंगाचे डबे आपण आणून देतो, पुट्टी आणून देतो. त्याच यादीत पेंटरचा आणि त्याच्या मदतनिसाचा मास्क, चष्मा आणि बदली काडतुसं लिहा. काडतूस उघडल्यापासून वाफ शोषत राहतं, म्हणून काम संपलं की ते हवाबंद डब्यात ठेवायचं, आणि मास्क तोंडावर असताना थिनरचा वास येऊ लागला की त्याच क्षणी बाहेर येऊन ते बदलायचं.