हिशेबातून निर्णय



वर्षाखेरीचा ताळेबंद झालेला नफा-तोटा सांगतो. उद्या भाव काय ठेवावा, हे ठरविण्यास मात्र व्यवस्थापकीय लेखांकन लागते.

१७७२ साली इंग्लंडमध्ये पेढ्या बुडाल्या, मागणी आटली. एट्रुरिया येथील मृत्पात्रांचे ख्यातनाम कारखानदार जोसाया वेजवुड यांच्याकडे माल पडून राहिला. तेव्हा त्यांनी फुलदाण्यांचा खर्च मुळापासून मांडला. साचे, भाडे, गोदाम यांचा खर्च माल थोडा निघो वा पुष्कळ, जवळजवळ तेवढाच राहतो, असे आढळले. म्हणजेच नग वाढले की प्रत्येक नगावरील बोजा उतरतो. श्रीमंतांची हौस भागली होती. भाव उतरवून मध्यमवर्गाकडे वळावे, हा विचार या आकड्यांनी बळावला. (याच तपासणीत कारकुनाची अफरातफरही उघडकीस आली!)

आपल्यापैकी अनेकांचे व्यापार-धंदे आहेत. मंदीत कोणी पडत्या भावाने मोठी मागणी घेऊन आला, तर त्याला परत पाठविण्यापूर्वी केवळ त्या मागणीमुळे वाढणारा खर्च वेगळा काढून पाहावा. त्याहून भाव वर असेल, तर वरची रक्कम हाती उरते; दुकानाचे भाडे तसेही द्यायचेच असते. मात्र सारा माल सदैव याच भावाने विकला, तर ते भाडे कोठून भरणार?