मायांग बाहेर येणे : डॉक्टर येईपर्यंतचा वेळ मोलाचा
(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी कृषिविद्येचा माणूस. जनावरांवर उपचार करणे हे पशुवैद्यकाचे काम, माझे नव्हे. परंतु गाई-म्हशींचे मायांग बाहेर येणे, ज्याला आपण 'अंग बाहेर पडणे' म्हणतो, त्याची बरीच कारणे वैरणीत आणि गोठ्यात सापडतात. म्हणून हा विषय निवडला.

दोन प्रकार ओळखा

पहिला प्रकार विण्यापूर्वीचा. गाभणपणाच्या शेवटच्या दोन-तीन महिन्यांत जनावर बसले की योनीमार्गाचा लालसर गोळा बाहेर दिसतो आणि उठले की आत जातो. म्हशींमध्ये हे बरेच आढळते. या काळात शरीरातील संप्रेरकांमुळे कटीभागाचे बंध सैल होतात, त्यात वाढत्या गर्भाचा आणि भरलेल्या पोटाचा दाब पडतो. सुरुवातीला गोळा लहान असतो म्हणून दुर्लक्ष होते. मग तो सुकतो, त्याला शेण लागते, जखमा होतात आणि जनावर सारखे कुंथू लागते.

दुसरा प्रकार व्याल्यानंतरचा, बहुधा पहिल्या काही तासांतला. यात संपूर्ण गर्भाशय उलटे होऊन बाहेर लोंबते. त्यावर बटणांसारख्या गाठी दिसतात. ही खरी आणीबाणी आहे. वासरू जोराने ओढणे, अडलेले वेत आणि रक्तातील कॅल्शियम कमी होणे ही त्याची मुख्य कारणे.

रक्तवाहिनी तुटण्याचा धोका

गाभणपणात गर्भाशयाला रक्त पुरवणारी मुख्य रोहिणी पुष्कळ जाड होते. गाभण तपासणीत तिची थरथर डॉक्टरांच्या बोटांना जाणवते. गर्भाशय बाहेर पडले की ही रोहिणी ताणली जाते. शिरांवर दाब आल्याने गेलेले रक्त परत फिरत नाही आणि गर्भाशय सुजून आणखी जड होते. त्या वजनाने रोहिणी फाटली, तर रक्तस्राव पोटात होतो. बाहेर एक थेंबही दिसत नाही.

एका गावातील प्रसंग सांगतो. तिसऱ्या वेताच्या संकरित गाईचे गर्भाशय रात्री बाहेर आले. टेम्पो गोठ्यापर्यंत येईना, म्हणून घरच्यांनी तिला रस्त्यापर्यंत चालवत नेले. वाटेतच ती थरथरून खाली बसली, हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या आणि काही मिनिटांत ती गेली. शवविच्छेदनात पोट रक्ताने भरलेले निघाले. घरच्यांचा हेतू चांगलाच होता, पण त्या चालण्याने घात केला. म्हणून डॉक्टरांना गोठ्यात आणावे, जनावराला डॉक्टरांकडे नेऊ नये.

डॉक्टर येईपर्यंत काय करावे?

१. ताबडतोब पशुवैद्यकास कळवावे. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे.
२. जनावर बांधून शांत ठेवावे. चालवू किंवा पळवू नये. कुत्री व कावळे दूर ठेवावेत.
३. बाहेर आलेला भाग स्वच्छ थंड पाण्याने हलक्या हाताने धुऊन ओल्या स्वच्छ चादरीत घ्यावा.
४. जनावर उभे असल्यास दोघांनी ती चादर योनीच्या पातळीला उचलून धरावी. यामुळे रोहिणीवरील ताण कमी होतो.
५. बसलेले असल्यास मागील भागाखाली भुसा किंवा पोती घालून तो उंच करावा. आडवे पडू देऊ नये, छातीवर बसते ठेवावे.
६. वार चिकटलेली असल्यास ओढू नये. स्वतः आत ढकलण्याची घाई करू नये. राख, माती, रॉकेल असे काही लावू नये.

डॉक्टर कण्यात भूल देऊन कुंथणे थांबवतात, सूज उतरवून गर्भाशय आत बसवतात आणि गरजेप्रमाणे कॅल्शियम देतात. वेळेत उपचार झाले तर अशी गाय पुन्हा गाभण राहू शकते. विण्यापूर्वी अंग येणाऱ्या जनावरांत मात्र पुढील वेतात पुन्हा तसे होण्याचा संभव असतो आणि त्यात आनुवंशिकतेचाही भाग असतो. अशा जनावराची कालवड किंवा पारडी पैदाशीसाठी ठेवताना विचार करावा.

वैरण आणि गोठा

आता माझ्या विषयाकडे येतो. पश्चिम ऑस्ट्रेलियात १९४० च्या दशकात एका जातीच्या क्लोव्हर गवतावर चरणाऱ्या मेंढ्यांत वांझपणा आणि गर्भाशय बाहेर येणे वाढले. त्या गवतात स्त्री-संप्रेरकासारखे काम करणारे द्रव्य निघाले. बुरशी लागलेल्या मक्यातही असे विष तयार होऊ शकते. म्हणून पावसात भिजून बुरसलेला मका किंवा कडबा गाभण जनावरास घालू नये.

विण्यापूर्वीच्या शेवटच्या तीन आठवड्यांत लसूणघासाचा भर कमी करावा. त्यात कॅल्शियम व पालाश दोन्ही जास्त असतात. आहारातून भरपूर कॅल्शियम मिळत राहिले की हाडांतून ते काढण्याची शरीराची सवय मंदावते आणि जास्त पालाशही त्यात अडथळा आणतो. मग दूध सुरू होताच रक्तातील कॅल्शियम घसरते. वैरण एकदम न देता थोडी थोडी विभागून द्यावी. क्षार मिश्रण पशुवैद्यकाच्या सल्ल्याने द्यावे.

गोठ्याचा उतारही तपासा. जनावराच्या उभे राहण्याच्या पाच फूट जागेत एक ते दीड इंच उतार पुरतो. जास्त उतारावर मागील भाग खाली राहून सगळा भार मायांगावर येतो. गाभण जनावरास शेवटच्या महिन्यांत सपाट जागा द्यावी किंवा मागील बाजूस मुरूम टाकून ती थोडी उंच करावी. हा खर्च फार तर एका दिवसाच्या मजुरीचा आहे आणि दावणीचे दुभते जनावर त्याच्या कितीतरी पट मोलाचे आहे.