चर्चच्या आवाराबाहेरचा वाचक



कोर्लई इथून फार लांब नाही. रेवदंड्याची खाडी ओलांडली की आलेच. पोर्तुगीजांनी १७४० मध्ये शेजारचे चौल सोडले, पण त्यांच्या भाषेतून घडलेली बोली कोर्लईतल्या ख्रिस्ती घरांत आजही कानावर पडते. उंबऱ्याबाहेर, शाळेत नि बाजारात मराठी. आजी एका भाषेत रागावते आणि नातू दुसऱ्या भाषेत धडा पाठ करतो, अशा घरातली कादंबरी मला मराठीत वाचायची आहे. उद्या कोणी ती लिहिलीच, तर नगरच्या, नागपूरच्या वाचकापर्यंत ती कोण पोहोचवणार? आज मला याविषयीच बोलायचे आहे.

लिहिणारे आपल्या मराठी ख्रिस्ती समाजात पहिल्यापासून आहेत. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ ची. मराठीतल्या पहिल्या कादंबरीचा मान अनेक अभ्यासक तिलाच देतात. यमुना नवऱ्याबरोबर गावोगाव फिरते, वाटेत विधवा भेटतात, आपापले हाल सांगतात, आणि पुढे यमुनेवरच वैधव्य येते. उपदेश कथेला जड होतो, हे खरे. पण त्या काळात त्या बायकांना बोलते करायला केवढे धाडस लागले असेल! आपण तिचे नाव अभिमानाने घेतो आणि पुस्तक मात्र उघडत नाही.

याउलट लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. १९३४ ते १९३६ या काळात तिचे भाग आले आणि आजही मराठी घरांत ती वाचली जाते. ती कादंबरी नव्हे, आत्मचरित्र आहे. पण कादंबरीकाराने शिकावे असे तिच्यात पुष्कळ आहे. धर्मांतरामुळे झालेली ताटातूट, सोवळ्याओवळ्याची ओढाताण, संसारातली फजिती हे सारे लक्ष्मीबाई घरच्या भाषेत सांगतात, कोणाला काही पटवून देण्याचा आव न आणता. म्हणून कोणी तिला ‘धार्मिक’ म्हणून बाजूला ठेवले नाही. मात्र त्या लेखनामागे मुलगा देवदत्त यांचा आग्रहही होता, हे विसरू नये.

लक्ष्मीबाईंचे पती रेव्हरंड टिळक यांनीही दुसऱ्या लिहिणाऱ्यासाठी असाच पुढाकार घेतला होता. त्र्यंबक बापूजी ठोंबरे या कोवळ्या कवीला १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात ‘बालकवी’ हे नाव मिळाले, आणि टिळकांनी त्याला आपल्या घरात मुलासारखे ठेवून घेतले. ठोंबरे ख्रिस्ती नव्हते. टिळकांना त्यांच्यातली कविता दिसली, एवढे पुरे होते. हे दुसऱ्यासाठी झटणे आपल्यात आज कमी झाले आहे, याचे मला मनापासून दुःख होते.

आपल्या पुस्तकाचे प्रकाशन चर्चच्या सभागृहात होते, नातेवाईक प्रती घेतात, फादर किंवा पाळक चार गोड शब्द बोलतात आणि पुस्तक कपाटात जाते. आपल्या नियतकालिकांत ‘ज्ञानोदय’ १८४२ पासूनचा, वसईची ‘सुवार्ता’ही आपली, त्यांचे ऋण मोठे आहे. पण तिथला परिचय आपण आपल्यालाच करून दिलेला असतो. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, ते चर्चच्या आवारातल्या वाचकांच्या बळावर नव्हे. वसईच्या पाण्यासाठी, हिरवाईसाठी ते सर्वांसमोर लिहीत-बोलत राहिले होते.

म्हणून माझे मागणे साधे आहे. प्रत्येक लेखकाने वर्षातून एकदा दुसऱ्या ख्रिस्ती लेखकाच्या कादंबरीवर लिहावे आणि तो लेख सर्वांच्या मासिकाकडे, दिवाळी अंकाकडे पाठवावा. आपला माणूस म्हणून कौतुक नको. पात्रे फसली असतील तर तसे लिहा. उपदेशाने गोष्ट अडवली असेल तर तेही लिहा. खोट्या स्तुतीने वाचक एकदाच येतो. आणि आपल्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात एक प्रत स्वतः नेऊन द्या, ग्रंथपालाशी दोन शब्द बोला.

दुपारच्या सत्रात आपले तरुण कथाकार वाचणार आहेत. त्यांतल्या एकाचे पुस्तक मी विकत घेऊन जाणार आहे आणि दिवाळी अंकांची जुळवाजुळव सुरू होण्याआधी त्यावर लिहून पाठवणार आहे. बाकीची पुस्तके तुम्ही वाटून घ्या.