यादीत नाव नसलेली पूड

श्रोते हो, खताच्या पोत्यावर ‘माणसांनी खाऊ नये’ असे छापावे लागते काय? शेतकऱ्याला ते सांगावे लागत नाही. पण २००९ च्या सुमारास इंग्लंडात झाडांचे खत म्हणून एक पांढरी पूड ग्रॅम-ग्रॅमच्या पुड्यांतून विकली जाई, आणि तिच्यावर अशी सूचना असे. ही पूड झाडाच्या मुळाशी नव्हे, नाकात जाणार, हे देणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्यालाही. हिचे नाव मेफेड्रोन. आपल्याकडे तिला ‘एमडी’ म्हणतात. डॉक्टरांच्या पदवीशी तिचे काही नाते नाही!

येमेन, इथिओपिया या देशांत लोक खात नावाच्या झुडपाची पाने चघळतात. विड्यातला आपला कात तो निराळा. त्या पानांत कॅथिनोन असते. अ‍ॅम्फेटामिन हे झोप उडवणारे औषध, त्याचेच हे भावंड. ऑक्सिजनचा एक अणू काय तो जास्त. मेफेड्रोन याच कुळातले, पण कोणत्याही झाडात नसलेले. १९२९ साली ते प्रथम तयार झाले आणि सत्तरएक वर्षे पुस्तकात पडून राहिले.

आता कायदा का गप्प बसला, ते पाहा. मादक पदार्थांचा कायदा यादीवर चालतो. यादीत नाव नाही, तर गुन्हा नाही. आपल्या राज्यघटनेचे २० वे कलमच सांगते की, कृत्य घडले तेव्हा जो कायदा होता, त्याच्याच भंगाबद्दल शिक्षा देता येते. हे रास्तच आहे, नाहीतर उद्या कोणालाही कशाहीसाठी धरतील. पण त्याच फटीतून ही पूड शिरली. इंग्लंडने एप्रिल २०१० मध्ये बंदी घातली. आपला कायदा १९८५ चा. त्याच्या यादीत हे नाव चढले फेब्रुवारी २०१५ मध्ये. तोवर पुडी सापडली तरी पोलिसांना तो कायदा लावता येत नव्हता.

आज दोन ग्रॅमपर्यंत अल्प प्रमाण, त्याला एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, किंवा दंड, किंवा दोन्ही. पन्नास ग्रॅम, म्हणजे जेमतेम सव्वाचार तोळे, हे व्यापारी प्रमाण. तिथे किमान दहा वर्षे, वीसपर्यंत, आणि वर लाखाच्या पुढे दंड.

शेतकरी बंधूंनो, २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात आणि २०२४ मध्ये दौंड तालुक्यातल्या कुरकुंभला पोलिसांनी या पुडीचे कारखाने पकडले. शेड भाड्याने मागायला कोणी आला, भाडे वाजवीपेक्षा जास्त देऊ म्हणाला, तर काय बनवणार ते विचारा. जाणूनबुजून जागा वापरू देणाऱ्याला, त्या जागेत होणाऱ्या गुन्ह्याचीच शिक्षा २५ व्या कलमात आहे.

आणि गुरुजी, वर्गातला मुलगा रात्र-रात्र जागतो, जेवत नाही, वाळत चाललाय, सारखे दात खातो, नाकातून रक्त येते, असे दिसले तर छडी बाजूला ठेवा. दुसरेही कारण असू शकते. आधी डॉक्टरांना दाखवा. व्यसनच निघाले, तर पालक पोलिसांच्या धास्तीने मुलाला लपवतात. त्यांना ६४-अ कलम सांगा: सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचाच आरोप असेल, आणि व्यसनी माणूस आपणहून सरकारी किंवा सरकारमान्य रुग्णालयात उपचार घेईल, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले, तर मात्र ही सवलत काढून घेता येते.