सहाध्यायांची खुशाली

(राष्ट्रीय सागरी दिनानिमित्त नभोवाणीवरून केलेले भाषण)

आज ५ एप्रिल. १९१९ साली याच दिवशी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची ‘लॉयल्टी’ ही आगबोट मुंबईहून लंडनकडे रवाना झाली, आणि त्या रवानगीचे स्मरण म्हणून १९६४ पासून हा दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. या दिवशी जहाजांविषयी, बंदरांविषयी आणि मालवाहतुकीच्या आकड्यांविषयी पुष्कळ बोलले जाते, आणि ते बोलले जाणे योग्यही आहे. मी मात्र आपला वेळ एका लहानशा विषयासाठी मागणार आहे. नौकानयनाचे शिक्षण एकत्र घेतलेली मुले पुढे आयुष्यभर एकमेकांची खुशाली कशी राखतात, इतर विद्यालयांच्या माजी विद्यार्थ्यांपेक्षा त्यांना ते अधिक अवघड का जाते, आणि अवघड असूनही ते का सोडू नये, एवढेच मला सांगावयाचे आहे.

‘लॉयल्टी’च्या मागे देशी भांडवल होते, देशी व्यापाऱ्यांची जिद्द होती, परंतु आगबोट चालविण्याची सनद जवळ असलेले हिंदी अधिकारी त्या काळी जवळजवळ नव्हतेच. कोकणच्या किनाऱ्यावरचे सारंग, टंडेल, सुकाणी आणि खलाशी पिढ्यान्‌पिढ्या परकीय कंपन्यांच्या जहाजांवर राबत होते, गोव्याचे स्वयंपाकी आणि बटलर त्यांचे मुदपाकखाने सांभाळत होते; ब्रिजवर उभे राहून जहाजाला दिशा देण्याचा हुकूम मात्र यांच्यापैकी कोणाच्या तोंडी नव्हता. मध्यवर्ती कायदेमंडळात या विषयाची चर्चा झाली, १९२३ साली एक समिती नेमली गेली, आणि तिच्या शिफारशीतून १९२७ साली ‘डफरिन’ हे शिक्षणजहाज मुंबईत माझगावसमोर उभे राहिले. इंग्लंडात बॅरो येथे बांधलेले हे जहाज मुळात सैनिकांची ने-आण करणारे होते. रायफली घेऊन चढणाऱ्या पलटणींच्या जागी आता शाळकरी वयाची मुले आपापल्या पेट्या घेऊन त्याची शिडी चढू लागली. त्यांच्या पहिल्या तुकडीतले रामदास कटारी पुढे १९५८ साली भारतीय नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. ‘डफरिन’नंतर १९७२ मध्ये ‘राजेंद्र’ आली, आणि १९९३ पासून नव्या मुंबईत जमिनीवरच्या इमारतीत ‘चाणक्य’ हे नाव धारण करून तेच शिक्षण चालू आहे.

साठीच्या दशकात मी ‘डफरिन’वर होतो. पंजाबातला, मलबारातला, बंगालातला आणि आमच्या पुण्या-कोल्हापूरकडचा मुलगा तेथे एकाच रांगेत झोळ्या बांधून झोपत असे, पहाटेच्या घंटेला एकाच वेळी उठत असे, आणि डेक घासण्यापासून होडी वल्हविण्यापर्यंत प्रत्येक काम खांद्याला खांदा लावून करीत असे. एकमेकांचे आडनाव ध्यानात राहण्यापूर्वीच हजेरीतला क्रमांक पाठ होई. इतक्या निकट सहवासात वाढलेली मुले ज्या दिवशी शिक्षण संपवून बाहेर पडत, त्या दिवसापासून मात्र त्यांची जी पांगापांग होई तिला मर्यादा नसे. कोणी सिंदियात, कोणी १९६१ साली स्थापन झालेल्या शिपिंग कॉर्पोरेशनमध्ये, कोणी कलकत्त्याच्या इंडिया स्टीमशिपमध्ये, तर कोणी ग्रेट ईस्टर्नमध्ये उमेदवारीस रुजू होई. आणि एकाच कंपनीत दोघे असले, तरी एकाच जहाजावर ते क्वचितच नेमले जात.

जमिनीवर राहणाऱ्या सहाध्यायांची खुशाली पुष्कळदा आपोआप कळत असते. बाजारात गाठ पडते, कोणाच्या मुंजीत वा लग्नात शेजारी पान मांडले जाते, निदान एखादा सामाईक नातेवाईक तरी बातमी पोहोचवितो. दर्यावरील माणसाच्या बाबतीत यांतले काहीच घडत नाही. तो गावी येतो तेव्हा त्याचे सोबती पॅसिफिकमध्ये असतात, आणि त्याची रजा संपून तो पुन्हा साइन ऑन करतो, म्हणजे जहाजावर रुजू होतो, त्याच आठवड्यात त्यांच्यापैकी कोणी तरी घरी परततो. आमच्या काळी पत्र जहाजाच्या एजंटाच्या पत्त्यावर घालावे लागे. पण मालाची तजवीज बदलली की बंदर बदले, आणि पत्र एका बंदरात तर जहाज दुसऱ्याच, अशी अवस्था होई. जून १९६७ मध्ये सुएझ कालवा बंद झाला तो जून १९७५ पर्यंत बंदच राहिला. त्या वर्षांत युरोपकडे जाणारी आमची जहाजे आफ्रिकेला वळसा घालून केप ऑफ गुड होपवरून जात असत, आणि घरच्या मंडळींची व मित्रांची पत्रे हाती पडण्यास जो विलंब लागे त्यात वडिलांच्या आजाराची बातमी आणि ते बरे झाल्याची बातमी एकाच पुडक्यातून मिळाल्याची उदाहरणे मला ठाऊक आहेत.

अशा स्थितीतही खुशाली कळण्याच्या काही वाटा होत्या, आणि त्यांतली एक मला फार प्रिय आहे. मालवाहू जहाजावर सकाळचे आणि रात्रीचे आठ ते बारा हे वॉच, म्हणजे ब्रिजवरचा पहारा, थर्ड मेटचे, म्हणजे तिसऱ्या अधिकाऱ्याचे असते. एका बॅचची मुले साधारण एकाच सुमारास परीक्षा देऊन थर्ड मेट होत; त्यामुळे जगाच्या पाठीवर ती कोठेही असली, तरी आपापल्या जहाजाच्या घड्याळाप्रमाणे रात्रीच्या त्याच प्रहरी ब्रिजवर जागी असत. मलाक्काच्या सामुद्रधुनीत किंवा श्रीलंकेच्या दक्षिणेला, जेथे जहाजांची वर्दळ असते तेथे, समोरून येणाऱ्या जहाजाचे दिवे दिसले की सिग्नलचा ऑल्डिस दिवा हाती घ्यावा आणि मोर्सच्या लघु-दीर्घ उघडझापीने नेहमीचा प्रश्न विचारावा: जहाज कोणते, जाणार कोठे? उत्तरात ‘जल’ने सुरू होणारे सिंदियाचे एखादे नाव आले की पुढचा प्रश्न ठरलेला असे: थर्ड मेट कोण? तो आपल्याच बॅचचा निघाला तर हजेरीतला जुना क्रमांक आधी लुकलुके, नाव नंतर; आणि दोन्ही जहाजे एकमेकांना मागे टाकून दृष्टीआड होईपर्यंतच्या थोडक्या मिनिटांत कोणाचे लग्न ठरले, कोणाचे वडील गेले, कोण परीक्षेत राहिला, एवढा मजकूर अंधारातून पलीकडे पोहोचे.

दुसरी वाट मुंबईतल्या नॉटिकल कॉलेजची, ज्याला पुढे लालबहादूर शास्त्रींचे नाव देण्यात आले. सेकंड मेट, फर्स्ट मेट आणि मास्टर या प्रत्येक सनदेच्या, म्हणजे आमच्या भाषेत ‘टिकिटा’च्या, परीक्षेपूर्वी अभ्यासासाठी किनाऱ्यावर येऊन राहावे लागे, आणि तेथे बॅचचे पाच-सहा जण हमखास एका बाकावर येत. परंतु मास्टरचे टिकिट मिळाले की तीही वाट संपे. त्यानंतर खुशाली राखावयाची तर ती ठरवून, नियम करून आणि कोणी तरी अंगावर घेऊनच राखावी लागते.

आमच्या बॅचमध्ये ते काम अंगावर घेणारा एक सोबती लाभला. तो लवकर किनाऱ्यावर स्थिरावला होता. बॅलार्ड इस्टेटीतली कामाची वेळ संपल्यावर तो सर्वांची पत्रे एकत्र लावी, त्यांतून दोन-दोन ओळींचा तपशील काढी आणि सायक्लोस्टाइल केलेला वार्षिक खबरनामा प्रत्येकाच्या घरच्या पत्त्यावर रवाना करी. पुढे त्याची दृष्टी मंदावल्यावर ते दप्तर माझ्याकडे आले, आणि आजही ते मी सांभाळतो. त्याने घालून दिलेले दोन नियम मी मोडलेले नाहीत, आणि आजच्या भाषणाचे सार म्हणजे ते दोन नियमच होत.

पहिला नियम असा, की नावे हजेरीच्या मूळ क्रमानेच छापावयाची. हुद्द्याप्रमाणे नाही, आणि मानमरातबाप्रमाणे तर नाहीच. आमच्यांतला कोणी मोठ्या बंदराचा हार्बर मास्टर झाला, कोणी हुगळीच्या नागमोडी पात्रातून जहाजे कलकत्त्यास नेणारा पायलट झाला, कोणी सर्वेक्षक, कोणी प्राध्यापक, आणि कोणी सिंगापूर, ग्लासगो किंवा सिडनीस जाऊन तेथलाच रहिवासी झाला. कोणी दर्या सोडून सातारा जिल्ह्यात वडिलोपार्जित शेती पाहू लागला. खबरनाम्यात हे सारे जसे पहिल्या सकाळी डेकवर उभे राहिले होते तसेच एकाखाली एक उभे असतात, आणि कॅप्टनच्या वाट्याला जितक्या ओळी येतात तितक्याच शेतकऱ्याच्याही वाट्याला येतात. त्यामुळे ज्याला सांगण्यासारखी बढती नाही, त्यालाही आपल्या विहिरीला पाणी लागले हे लिहिण्यास संकोच वाटत नाही.

दुसरा नियम असा, की ज्याचे पत्र येत नाही त्याचे नाव गाळावयाचे नाही. त्याचा क्रमांक आणि नाव छापावयाचे, पुढची जागा कोरी ठेवावयाची, आणि त्याच्या गावाजवळ जो कोणी राहत असेल त्याने वर्षाच्या आत त्याच्या घरी जाऊन यावयाचे. माझ्या इतक्या वर्षांच्या अनुभवाचा निष्कर्ष असा, की सुखात असलेला माणूस आळसाने लिहीत नसेल, पण लिहिण्याचे अजिबात बंद केलेल्या माणसांपैकी बहुतेकांवर काही तरी कोसळलेले असते. आमच्या एका सोबत्याला परीक्षेच्या वेळी दिव्यांच्या चाचणीत लाल आणि हिरवा रंग खात्रीने ओळखता आला नाही. रात्रीच्या समुद्रात जहाजाची डावी बाजू लाल दिव्याने आणि उजवी हिरव्या दिव्याने ओळखली जाते, तेव्हा ही चाचणी नापास होणाऱ्यास ब्रिजवर उभे राहता येत नाही, आणि तो नियम रास्तच आहे. परंतु वयाच्या विशीत ज्याच्या आयुष्याची वाट अशी खुंटली तो जुन्या सोबत्यांना काय म्हणून खुशाली लिहिणार? त्याचा रकाना अनेक वर्षे कोरा छापला गेला. अखेर नागपूरकडून जाणारा एक बॅचमेट त्याच्या दारात जाऊन उभा राहिला, आणि त्या सोबत्याने कपाटातून सारे खबरनामे काढून दाखविले. प्रत्येक अंक त्याने जपून ठेवला होता, आणि प्रत्येकातल्या स्वतःच्या कोऱ्या ओळीखाली पेन्सिलीने बारीक रेघ ओढलेली होती. पुढच्या वर्षी त्याची दोन ओळींची खुशाली आली.

नभोवाणीवरून बोलत असताना मला येथे जहाजावरच्या बिनतारी यंत्राच्या खोलीचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. त्या खोलीतल्या घड्याळाच्या तबकडीवर पंधराव्या ते अठराव्या आणि पंचेचाळिसाव्या ते अठ्ठेचाळिसाव्या मिनिटांमधल्या पाचरी लाल रंगाने रंगविलेल्या असत. दर तासाला त्या तीन-तीन मिनिटांत ५०० किलोहर्ट्झ या संकटकाळच्या लहरीवर साऱ्या जहाजांनी आणि किनाऱ्यावरच्या साऱ्या केंद्रांनी आपले बोलणे थांबवून केवळ ऐकावयाचे, असा आंतरराष्ट्रीय दंडक होता. सबळ यंत्रांची वर्दळ थांबली तरच दूरच्या एखाद्या दुर्बळ यंत्राची हाक कानी पडते, हे त्यामागचे कारण होते. १ फेब्रुवारी १९९९ पासून उपग्रहांवर आधारलेली नवी व्यवस्था पूर्णपणे अमलात आली आणि त्या लाल पाचरी गेल्या. परंतु आमच्या खबरनाम्यातली कोरी जागा मी त्याच दंडकाने आजही राखतो.

खुशाली राखण्याचा व्यवहारातला उपयोगही थोडा नाही. दर्यावरच्या माणसाचे अकस्मात निधन झाले, तर त्याच्या पत्नीला कंपनीच्या कचेरीचा पत्ता ठाऊक असला तरी तेथल्या दप्तराची रीत ठाऊक नसते. सेवेची नोंदपुस्तिका, अखेरचा करारनामा, विम्याचे कागद, वारसाचा दाखला, आणि अर्जाची मुदत यांतले काय आधी आणि काय मागाहून, हे तिला सांगू शकेल असा माणूस म्हणजे नवऱ्याचा बॅचमेट. आमच्या बॅचमध्ये असे प्रसंग आले तेव्हा कोणी ना कोणी त्या कुटुंबाबरोबर कचेरीत जाऊन बसला, आणि तो जाऊ शकला कारण त्या घराचा पत्ता आमच्या वहीत ताजा होता. २०२० च्या महामारीत बंदरांनी दरवाजे लावून घेतले, तेव्हा आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या अंदाजाप्रमाणे सुमारे चार लाख नाविक करार संपूनही जहाजांवर अडकून पडले होते. त्या महिन्यांत तरुण अधिकाऱ्यांच्या अनेक घरांना पहिला धीर दिला तो किनाऱ्यावर असलेल्या त्यांच्या वर्गबंधूंनी आणि वर्गभगिनींनी.

आज ‘चाणक्य’मधून आणि इतर सागरी विद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या तरुणांना, ज्यांत आता मुलीही आहेत, खुशाली कळण्यासाठी कोणा एजंटाच्या पुडक्याची वाट पाहावी लागत नाही. समुद्राच्या मध्यावरूनही ते घरच्यांशी बोलू शकतात, याचा मला मनापासून आनंद आहे. परंतु साधन सुलभ झाले म्हणून कर्तव्य संपत नाही. ज्याला बढती मिळाली त्याचे अभिनंदन तत्क्षणी होते. जो गप्प झाला तो केव्हापासून गप्प आहे, हे मात्र कोणी मुद्दाम नोंद ठेवल्याखेरीज कळत नाही.

म्हणून या तरुणांना माझे सांगणे असे, की विद्यालय सोडण्यापूर्वी आपल्यापैकी एकाला ही जबाबदारी सोपवा, त्याला हजेरीची पूर्ण यादी द्या, आणि त्या यादीतून कोणाचेही नाव, तो दर्यावर राहो वा न राहो, कधीही गाळू नका. ज्यांच्या घरचा मुलगा किंवा मुलगी जहाजावर आहे त्या आई-वडिलांनी आणि पती-पत्नींनी कागदपत्रांच्या फाइलीत त्याच्या निदान दोन बॅचमेटांचे पत्ते लिहून ठेवावेत. आणि माझ्या पिढीतल्या ज्या सोबत्यांच्या कानी हे शब्द पडत असतील त्यांना एवढीच विनंती करतो, की आपल्या बॅचची यादी काढून पाहा, आणि ज्याचे उत्तर अनेक वर्षांत आलेले नाही त्याला या आठवड्यात, इतर कोणाच्याही आधी, पत्र लिहा.